दाखवावयाची पोळी आणि खावयाची पोळी

होळीच्या आठ-दहा दिवस आधींची गोष्ट. जालन्यांतील आमच्या जुन्या घराच्या माजघरांत त्या सकाळीं नेहमीपेक्षां निराळीच गडबड चालली होती. आमच्या धाकट्या सूनबाई गेलीं तीन वर्षें घरच्या घरीं पुरणपोळ्या, भाजणी, सांडगे, कुरडया असे जिन्नस करून विकतात. आरंभीं ओळखीचीं दहा-बारा घरें होतीं. आतां मोबाइलवर मागणी येते आणि डबे पुण्या-मुंबईपर्यंत जातात. चांगल्या छायाचित्रावांचून नवें गिऱ्हाईक मिळत नाहीं, असें त्यांस कोणीसें सांगितलें, म्हणून शेजारच्या मोठ्या शहरांतून एक तरुण छायाचित्रकार बोलाविला होता. मुलगा सुस्वभावी, अदबशीर आणि आपल्या कामांत तरबेज होता, हें आधींच नमूद करितों. पुढें जें लिहावयाचें आहे तें त्याच्याविषयीं नसून त्याच्या विद्येविषयीं आहे.

त्यानें आपली पेटी उघडली. तींत कॅमेरा व दिवे असणार हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु त्यांच्या जोडीला रंगकामाचे लहानमोठे कुंचले, इंजेक्शनची पिचकारी, चिमटे, टांचण्या, दांतकोरण्या, कापूस, ग्लिसरीनची बाटली, लांकूड चिकटविण्याचा पांढरा डिंक आणि मोटारीच्या इंजिनांत घालतात त्या तेलाचा एक डबा, इतकें साहित्य बाहेर निघालें, तेव्हां आम्हीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें.

स्वयंपाकघरांतून पोळी आली. सूनबाईंनीं तिच्यावर साजूक तुपाची धार धरली. मुलगा म्हणाला, "काकू, हें तूप दोन मिनिटांत आंत मुरतें आणि वरची चकाकी जाते. त्याऐवजीं हें तेल कुंचल्यानें लावूं; तासभर तसेंच राहील." वाटींतल्या दुधाचीही तीच गत. दिव्यांखालीं त्यावर साय धरते, म्हणून दुधाच्या जागीं पांढरा डिंक. पोळ्यांची चवड बसकी दिसते, म्हणून दर दोन पोळ्यांमध्यें पुठ्ठ्याची चकती. वाफ दिसली पाहिजे, म्हणून मागें लपविलेला कढत पाण्यांतला कापूस. आमच्या वहिनींस एक्याऐंशीवें वर्ष लागलें आहे. त्या उंबऱ्याशीं बसून हें सारें पाहत होत्या. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "अरे बाळा, मग ही पोळी खायची कोणी?"

"ही खायची नाहीं, आजी. चित्र झालें कीं टाकून द्यायची."

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. उठून देवघरांत गेल्या. सूनबाईंचा चेहरा उतरला. त्यांची अडचणही लहान नव्हती. त्यांच्या थोरल्या मुलाची कॉलेजची फी याच पोळ्यांतून निघते, आणि ज्या विक्रेत्यांशीं त्यांची चढाओढ आहे, त्या सर्वांचीं चित्रें झळझळीत आहेत. काम तेवढ्यावर थांबलें. मुलगा दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां यावयाचें कबूल करून गेला. रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील सर्वांनीं बसून ठरवावें असें झालें, आणि घरांत संस्कृत शिकलेले काय ते आम्ही, म्हणून शास्त्राची बाजू आमच्याकडे आली. त्या रात्रीं जें बोलणें झालें, आणि पुढें आम्हीं स्वतः जें वाचलें व ताडून पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हा प्रश्न आतां केवळ आमच्या माजघराचा राहिलेला नाहीं.

प्रथम धंद्याची बाजू न्यायानें सांगितली पाहिजे. आपण पानावर बसतों तेव्हां पांचही इंद्रियें जेवावयास बसलेलीं असतात. फोडणीचा वास येतो, पापड मोडल्याचा आवाज होतो, वाफ तोंडावर येते, बोटांना भाताचा मऊपणा कळतो. जिभेची पाळी शेवटीं. चित्राच्या वांट्याला यांपैकीं एकटे डोळे येतात, आणि बाकी चौघांचें काम त्यांनाच करावें लागतें. त्यांतून पूर्वीं छायाचित्रगृहांतले दिवे इतके कडक असत कीं, आइस्क्रीम पाहतां पाहतां वितळून जाई. म्हणून उकडलेल्या बटाट्याचा लगदा, किंवा वनस्पती तूप आणि पिठीसाखर एकत्र मळून केलेला गोळा, आइस्क्रीमच्या नांवानें पुढें आला. मक्याचे पोहे दुधांत भिजून तळाशीं जातात, म्हणून दुधाऐवजीं डिंक आला. सरबताच्या पेल्यावरचे थेंब ग्लिसरीन-पाण्याचे, आणि आंतला बर्फ म्हणजे अॅक्रिलिकचे पारदर्शक खडे. पुरी शिजलेली भाजी रंग टाकते, म्हणून चित्रांतली भाजी बहुधा अर्धी कच्ची असते. मांसाहारी लोकांची कोंबडी भाजल्यावर आक्रसते, म्हणून तीही आंतून कच्ची ठेवून वरून रंगवितात. अलीकडे दिवे थंड झाले, कॅमेरे जलद झाले, आणि पुष्कळ छायाचित्रकार खरेंच अन्न मांडून झटपट काम उरकतात, हेंही सांगितलें पाहिजे. तथापि जुनी विद्या लोपलेली नाहीं. ती आमच्या माजघरापर्यंत आली, हाच त्याचा पुरावा.

या विद्येचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत खोटी वस्तु एकही नसते. कॅनडांतील मॅकडॉनल्ड्स कंपनीनें २०१२ सालीं आपल्या चित्रांची कृति दाखविणारी एक चित्रफीत आपणहून प्रसिद्ध केली. दुकानांत जो बर्गर मिनिटभरांत तयार होतो, तोच चित्रासाठीं मांडावयास कांहीं तास लागले. जिन्नस दुकानांतलेच होते. परंतु कांदा, काकडी, चीज हें सारें पावाच्या दर्शनी कडेला ओढून आणलें होतें, कारण कॅमेरा एकाच बाजूनें पाहतो. उरलेसुरले डाग संगणकावर पुसले. 'दर्शनी' हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा. शेवटीं त्याचें काम पडणार आहे.

मग सजावट कोठें संपते आणि फसवणूक कोठें सुरू होते? अमेरिकेंत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दाढीच्या फेंसाची एक जाहिरात होती. हा फेंस लावतांच सँडपेपरसुद्धां एका फटक्यांत गुळगुळीत होतो, असें तींत दूरचित्रवाणीवर दाखविलें होतें. वस्तुतः तो सँडपेपर नव्हताच. पारदर्शक प्लॅस्टिकवर वाळू पसरली होती. खरा सँडपेपर तासाहून अधिक वेळ भिजत ठेवावा लागला असता. कोलगेट-पामोलिव्ह कंपनीविरुद्धच्या या खटल्याचा निकाल १९६५ सालीं लागला, आणि त्यांत आइस्क्रीम व बटाटा यांचीही चर्चा आली. न्यायालयाचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, देखाव्यापुरती एका वस्तूच्या जागीं दुसरी ठेवणें वेगळें, आणि 'तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून खात्री करा' असें म्हणून पुराव्यादाखल दुसरी वस्तु पुढें करणें वेगळें. पहिलें क्षम्य, दुसरें नव्हे. म्हणजे कोणी हंसतमुखानें हातांत वाडगा धरून उभा आहे आणि वाडग्यांत बटाटा आहे, एवढ्यानें कोणाचें कांहीं जात नाहीं. परंतु 'पहा, आमचें आइस्क्रीम किती दाट, किती मऊ' असें सांगून बटाटा दाखविला, तर तो खोटा साक्षीदार झाला.

दुसरें उदाहरण १९७० चें आहे. कँपबेल कंपनीच्या सूपाच्या जाहिरातींत वाडगा भाजीनें गच्च भरलेला दिसे. सूपांत भाजीचे तुकडे तळाशीं बसतात, म्हणून वाडग्याच्या तळाशीं कांचेच्या गोट्या घातल्या होत्या. त्यांच्या आधारानें भाजी वर आली. तेथील व्यापारविषयक सरकारी मंडळानें हरकत घेतली, आणि असें पुन्हां न करण्याचें कंपनीनें मान्य केलें. भाजी खरी होती, सूपही खरें होतें; परंतु पाहणाऱ्याच्या मनांत भाजीचें जें प्रमाण ठसलें तें डब्यांत नव्हतें.

हें सारें परदेशचें म्हणून सोडून द्यावें असेंही नाहीं. आपल्या घरांत हा प्रश्न एका पिवळ्या डब्यांतून आला. 'डालडा' हें नांव १९३७ सालीं बाजारांत आलें. गांवोगांव मोटारगाड्या फिरल्या, चित्रपट दाखविले गेले, लोकांसमक्ष पदार्थ तळून खाऊं घालण्यांत आले. डब्यावर माडासारखें झाड होतें. आंत त्या काळीं मुख्यत्वें भुईमुगाचें तेल असे, हायड्रोजन वायूच्या योगें घट्ट केलेलें. दिसावयास पांढरें, स्पर्शाला रवाळ. साजूक तुपासारखें दिसावें हाच त्याचा मुख्य गुण. महात्मा गांधींनीं 'हरिजन' पत्रांतून त्यावर टीका केली होती. पुढें सरकारनें असा नियम केला कीं, वनस्पतींत तिळाचें तेल ठराविक प्रमाणांत मिसळलेंच पाहिजे. कारण तिळाचें तेल एका रासायनिक कसोटींत लाल रंग दाखवितें, आणि तेवढ्यावरून साजूक तुपांतील वनस्पतीची भेसळ पकडतां येते. डोळ्यांस फरक कळेना, म्हणून डोळ्यांना असा कृत्रिम साहाय्यक द्यावा लागला. अशा घट्ट केलेल्या तेलांत जे 'ट्रान्स फॅट' नामक अपायकारक स्नेहांश उत्पन्न होतात, त्यांवर आतां कडक मर्यादा आहे. जानेवारी २०२२ पासून ते शेंकडा दोनपेक्षां अधिक असूं नयेत असा नियम आहे. गरिबाला परवडणारी वस्तु म्हणून वनस्पतीचा उपयोग झाला, तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु एका वस्तूनें दुसरीचा वेष घेतला म्हणजे काय काय निस्तरावें लागतें, याचा हा आपल्या स्वयंपाकघरांतला इतिहास आहे.

आतां आमच्याकडे सोंपविलेली शास्त्राची बाजू. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत या विषयाचा विचार इतका बारकाईनें केलेला आहे कीं, आजच्या बाजारांत बसून लिहिल्यासारखा वाटावा. औषध, तेल-तूप, मीठ, सुगंधी द्रव्यें, धान्य, गूळ वगैरेंत हलकी वस्तु मिसळणाऱ्यास तेथें सोळा पणांचा दंड सांगितला आहे. ही साधी भेसळ झाली. पुढें याहून कडक दंड येतो, तो हलक्या वस्तूला उंची वस्तूचें रूप देणाऱ्यास. आणि तो विक्रीच्या किंमतीच्या आठपट आहे. त्यावरील मिताक्षरा टीकेंत विज्ञानेश्वरानें दिलेलीं उदाहरणें मोठीं मार्मिक आहेत. मांजराचें कातडें रंगवून तें वाघाचें म्हणून विकणें, बेलाच्या लांकडाला चंदनाचा वास देऊन तें चंदन म्हणून विकणें, अशीं तीं आहेत. त्यापुढें बंद पेटीची अदलाबदल करणाऱ्याचा गुन्हा येतो. गिऱ्हाइकाला मोत्यांनीं भरलेली पेटी उघडून दाखवावयाची, आणि हातचलाखीनें स्फटिकांनीं भरलेली पेटी त्याच्या हवालीं करावयाची. दुकानाच्या फळीवर उभीं असलेलीं आजचीं रंगीत वेष्टनें पाहिलीं म्हणजे ही पेटी आठवल्यावांचून राहत नाहीं. वेष्टनावर मोतीं छापलेलीं आहेत. आंत काय आहे तें घरीं गेल्यावर कळावयाचें.

हा विज्ञानेश्वर कोठला? चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीचा. म्हणजे आजच्या कर्नाटकांतील बसवकल्याणचा. १९५६ पर्यंत तें गांव आणि आमचें जालना एकाच हैदराबाद राज्यांत होतें. आणि योगायोग असा कीं, त्याच विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचिला, त्यांत अन्नाच्या उपभोगाचें एक सविस्तर प्रकरण आहे. एकाच राजघराण्याच्या आश्रयानें एकानें फसव्या मालाचा दंड लिहिला आणि दुसऱ्यानें सुग्रास अन्नाचा थाट वर्णिला. त्यांस या दोहोंत विरोध वाटला नाहीं, आणि तो नाहींच. आमचें शास्त्र सौंदर्याच्या विरुद्ध नाहीं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्यें भाताची मूद, तीवर वरण, वरणावर तूप, पानाभोंवतीं महिरप आणि समोर उदबत्ती, याहून सजावट ती कोणती? श्रीखंडावर केशर आणि चारोळी, वडीवर खसखस, आळूच्या भाजींत शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप, हीं सारीं डोळ्यांसाठींच आहेत. परंतु पानांत वाढलेलें सर्व कांहीं पोटांत जातें. महिरप पानाबाहेर असते, आणि ती रांगोळी आहे हें लहान मुलालाही कळतें. आपल्या आज्यांनीं न लिहितां पाळलेली मर्यादा ती ही: जें पानांत शोभेसाठीं घातलें तें खातां आलें पाहिजे, आणि जें दाखविलें तेंच वाढलें पाहिजे.

कोणी म्हणेल, चित्र हें चित्रच. सर्वांस ठाऊक आहे. यांत बिघडलें काय? हाच आक्षेप त्या रात्रीं आमच्या पुतण्यानें घेतला होता. त्याला उत्तर आमच्या नातीनें आठवडाभर आधींच दिलेलें होतें. ती नऊ वर्षांची आहे. तिनें हट्टानें शेवयांचें एक पाकीट आणविलें. वेष्टनावर वाडगाभर शेवया, त्यांत हिरवे वाटाणे, गाजराचे तांबडे काप, वर कोथिंबीर. पाकीट फोडलें तों आंत वाळक्या शेवयांची एक चौकोनी वडी आणि मसाल्याची पुडी. मुलीनें पाकीट उलटें करून झटकलें, आणि वाटाणे सांडले कीं काय म्हणून ती ओट्याखालीं शोधूं लागली. चित्र केवळ सूचक आहे, अशीं मुंगीच्या पायाएवढीं अक्षरें कोपऱ्यांत होतीं. तीं वाचावयास आम्हांस भिंग लागलें. ठाऊक असतें तें मोठ्यांस, मुलांस नसतें. आणि त्याच मुलीनें दुसऱ्या दिवशीं आईच्या हातच्या थालीपिठाकडे पाहून, "हें असें काळपट कां दिसतें?" असें विचारलें, तेव्हां खरें नुकसान कोठें होतें तें आम्हांस कळलें. थालीपीठ नेहमीसारखेंच खरपूस होतें. बदलले होते ते पाहणारे डोळे.

हें नुकसान घरापुरतें राहत नाहीं. गिऱ्हाइकाचे डोळे चित्राला सरावले म्हणजे व्यापारी खऱ्या अन्नाला चित्रासारखें करूं लागतो. आंबा एकसारखा पिवळा हवा, म्हणून तो कॅल्शियम कार्बाइडच्या धुरींत पिकवितात. या प्रकाराला आपल्याकडे बंदी आहे, कारण त्या द्रव्यांत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश असूं शकतात. डाळ, जिलबी, लाडू पिवळेधमक हवेत, म्हणून मेटॅनिल यलो नांवाचा, कापडाला द्यावयाचा रंग त्यांत मिसळल्याचीं प्रकरणें उघडकीस येतात. हळकुंडें उजळ दिसावींत म्हणून शिशाचा पिवळा रंग चोपडतात. डिंक आणि मोटारीचें तेल निदान कोणी खात नाहीं. चित्र झालें कीं तें फेंकलें जातें. परंतु त्या चित्राची बरोबरी करण्यासाठीं ताटांत जें येतें तें पोटांत जातें.

कायदा नाहीं असें नाहीं. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यांत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जाहिराती व दावे यांविषयीं २०१८ सालीं स्वतंत्र नियम झाले. जाहिरातदारांनीं आपणहून स्थापिलेली अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून आहे. तिच्याकडे सामान्य गृहस्थही तक्रार करूं शकतो. जून २०२४ मध्यें अन्न सुरक्षा प्राधिकरणानें फळांच्या रसांच्या वेष्टनांवरून 'शंभर टक्के फळांचा रस' हा मजकूर काढावयास सांगितला, कारण आटविलेल्या रसांत पाणी घालून पूर्ववत् केलेल्या रसालाही तो लावला जात असे. आतां तर पोळी लाटण्याचेंही कारण उरलेलें नाहीं. संगणकाला चार शब्द सांगितले कीं, कोणत्याही चुलीवर न शिजलेल्या पदार्थाचें चित्र तो काढून देतो. घरपोंच जेवण पाठविणाऱ्या झोमॅटो कंपनीनें ऑगस्ट २०२४ मध्यें अशीं चित्रें आपल्या यादींतून काढून टाकण्याचें जाहीर केलें. गिऱ्हाइकांचा विश्वास उडतो, तक्रारी येतात, पैसे परत द्यावे लागतात, असें कारण तिनें दिलें. धर्मासाठीं नव्हे तर व्यवहारासाठीं कां होईना, बाजारालाही ही मर्यादा मान्य करावी लागली.

येथपर्यंत लिहून थांबतों तर लेख सोपा होता. पण त्या रात्रीं पेटीच्या अदलाबदलीची गोष्ट आम्ही सांगत असतां वहिनी मध्येंच म्हणाल्या, "आणि भावजी, आपल्या मोसंब्यांचा ढीग कसा लावतात?"

आम्हांस उत्तर सुचेना. अंबड तालुक्यांत आमची मोसंबीची बाग आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां आम्हांस अभिमान वाटला होता. परंतु बाजारांत आमचा माल उतरतो तेव्हां मोठीं, गोल, पिवळीं फळें ढिगाच्या दर्शनी बाजूस येतात. बारकीं आणि डागी मागें व पोटांत जातात. वडिलांच्या वेळीं पाट्या भरीत, त्यांतही वरचा थर निवडक असे. आम्हीं तें चाळीस वर्षें पाहिलें आहे, कित्येकदां स्वतःच्या हातांनीं लावलें आहे, आणि वर्गांत मुलांस सत्याचे पाठही शिकविले आहेत. कॅनडांतल्या त्या पावाची दर्शनी कड आणि आमच्या ढिगाची दर्शनी बाजू यांत अंतर कोणतें? मोतीं वर आणि स्फटिक खालीं. आमची तर पेटी एकच होती, एवढाच काय तो फरक.

पुतण्यानें प्रामाणिकपणें आपली बाजू मांडली. "काका, सगळेच तसें लावतात. व्यापाऱ्याला तें माहीत असतें. तो तेवढें धरूनच भाव बोलतो. आपण सरळ लावलें तर तो आपल्या मालांतही तेवढी खोट धरणार, आणि तोटा आपलाच होणार." या बोलण्यांत तथ्य आहे, आणि तेंच या रोगाचें मूळ आहे. एकानें फसविलें तर दुसरा फसतो. सर्वांनीं फसविलें तर कोणी फसत नाहीं, पण खरें बोलणाराला दंड होतो. सूनबाईंचीही अडचण नेमकी हीच होती.

शेवटीं निर्णय सूनबाईंनींच केला. दुसऱ्या सकाळीं मुलगा आला तेव्हां त्यांनीं त्यास सांगितलें, "तेल आणि डिंक पेटींतच राहूं दे. तुझे पैसे पूर्ण देईन, पण जें पोटांत जाईल तेवढ्याचेंच चित्र काढ." तो प्रथम हंसला, मग त्याला त्यांत कौतुक वाटूं लागलें. पूर्वेच्या खिडकीपाशीं पाट मांडला, दिवे लावलेच नाहींत. कॅमेरा आधीं रोखून ठेवला, आणि तव्यावरची पोळी पाटावर येतांच सूनबाईंनीं तुपाची धार सोडली. तूप मुरावयाच्या आंत जें साधेल तें साधावयाचें. चौथ्या पोळीला चित्र साधलें. एका कडेला पोळीवर काळा डाग आहे, तूप अर्धें मुरलेलें आहे, दूध दुधासारखें पातळ आहे. मग चारही पोळ्या तेथेंच खाल्ल्या. एक संपूर्ण त्या मुलाच्या वांट्याला गेली. पोळी टाकावी लागली नाहीं, म्हणून वहिनी त्यास आणखी एक वाढावयास स्वतः उठल्या.

मागणी वाढली काय, असें वाचक विचारतील. फारशी नाहीं. होळीला गेल्या वर्षीं जेवढे डबे गेले त्याहून चार-दोन कमीच गेले असतील. मात्र चित्रांतल्यासारखी पोळी आली नाहीं, अशी तक्रार एकाही घरून आली नाहीं. मृग बहाराचीं मोसंबीं आम्हीं यंदा मिसळून लावलीं, आणि पुतण्या म्हणाला होता तसाच पहिल्या दिवशीं भाव कमी मिळाला. पुढच्या आंबे बहारालाही तसेंच लावावयाचें असें ठरलें आहे. तो नाखूष आहे, आणि त्याची नाखुषी आम्ही चुकीची म्हणत नाहीं. व्यापाऱ्याला ओळख पटावयास किती हंगाम लागतील, तें आम्हांस सांगतां येत नाहीं.

गृहिणींस मात्र दोन गोष्टी सुचवितों. वेष्टन हातांत घेतलें म्हणजे तें आधीं उलटें करावें. चित्र दर्शनी बाजूस असतें, घटकांची यादी मागें असते. आणि कायद्याप्रमाणें जो घटक सर्वांत अधिक तो यादींत पहिला लिहावा लागतो. चित्रांत बदाम आणि यादींत साखर पहिली असेल, तर खरेदी साखरेची आहे असें समजावें. आणि मुलांस स्वयंपाकघरांत येऊं द्यावें. आमच्या नातीला आतां थालीपीठ थापावयास बसवितात. परवां तिचें थालीपीठ एका बाजूनें करपलें, आकारही वांकडा झाला. तें तिनें आपल्याच पानांत घेतलें, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि शेवटच्या घांसापर्यंत संपविलें.